किशोरशेठचं विलायती छप्पर

किशोरशेठ माझ्या दारात आला तेव्हा मी त्याला बसा म्हणालो नाही. बावीस वर्षांपूर्वी माझ्या सुपारीच्या बैठकीतून हाच माणूस उठला होता. "गवताच्या घरात आमची भाग्यश्री देणार नाय," असं चारचौघांत बोलून बहिणीला घेऊन गेला. माझे वडील, चिमाजी, पंचक्रोशीतली छपरं गवतानं शाकारायचे; आता ते काम मी करतो. त्या दिवशी फेटा बांधून बसले होते. त्यांनी मान खाली घातली, ती मी विसरलेलो नाही.

आणि आता ह्याच शहाण्यानं गंगापूर धरणाच्या काठाला बंगला बांधला होता. इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्यातलं तीनशे वर्षांचं दगडी घर, त्याच्या फोटोवरून हुबेहूब. वर छप्पर कशाचं? गवताचं! शहरातल्या ठेकेदारानं गव्हाचं काड ओंब्या न झोडताच चढवलं. दाणे टिपायला आधी पोपट आले, मागोमाग उंदीर. परवा एक उंदीर थेट नव्या गादीवर पडला. रविवारी उद्घाटन, पाहुणे विलायतेचे.

"संतोषभाऊ, सगळं काढून नवं घाल. लय फजिती होईल माझी."

"घालतो शेठ. पण आमची एक रीत हाय. वळचणीची पहिली ओळ मालकानं सोत्ता बांधायची. नायतर छप्पर लाभत नाय."

अशी रीत कुठंही नाही. त्याच्या तोंडाकडे बघता बघता मी ती तयार केली. पण चप्पलसुद्धा मुहूर्त बघून घेणारा माणूस, लगेच हो म्हणाला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी गाढव व्हायला एका पायावर तयार होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वडिलांना खुर्चीसकट उचलून त्या अंगणात नेऊन बसवलं. निम्मं गाव जमलं. पांढऱ्या कपड्यातला किशोरशेठ शिडीवर, मी खाली.

"पेंढी सरळ धरा. सुतळी आवळा. ढिली झाली. उपटा."

दुसऱ्यांदा ओळ वाकडी गेली. तीही उपटायला लावली. काडानं त्याची बोटं कापली, सदऱ्याला रक्ताचे डाग पडले. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, माझ्या हाताखालचा भिकन मोबाइलवर सगळं टिपत होता. खोटं कशाला बोलू, माझ्या काळजाला गार वाटत होतं. वडील मात्र हसत नव्हते. ते फक्त त्याचे हात बघत होते.

तिसऱ्या वेळी त्यानं तास लावला. एकेक पेंढी ठोकून, दाबून, शेवटची गाठ मारली आणि घामानं निथळत खाली बघितलं. "आता?"

वडिलांनी डोळ्यांवर हात धरला. "संतोष, बेस बांधलंय रे त्यानं. गाठ बघ, एक काडी हालायची नाय. उतरू दे आता त्याला."

मी बघितलं. ओळ सुतासारखी सरळ होती. गाठीत खोट काढायला जागा नव्हती.

"उपटा," मी म्हणालो.