चिठ्ठ्या दोन, पाणी एकाच नळीचं

मी पेट्रोल पंपावरची एक जुनी निरीक्षण विहीर आहे. मित्रांनो, रहाट किंवा पायऱ्या शोधू नका. मी जमिनीत उभी पुरलेली, वीतभरही रुंद नसलेली प्लास्टिकची नळी आहे. डोक्यावर लोखंडी झाकण. आणि मी रागावलेली आहे, हे आधीच सांगते.

सकाळी मला खणलं, दुपारी माझ्या धाकट्या बहिणीला. मी पंपाच्या चढाकडच्या बाजूला, ती उताराला, मागच्या भिंतीलगत. आमच्या मध्ये जमिनीखाली पेट्रोलच्या टाक्या. जमिनीतलं पाणी माझ्याकडून टाक्यांखालून तिच्याकडे जातं आणि पुढे भिंतीपलीकडच्या घराच्या बोअरमध्ये. टाकी गळली तर ते माझ्या पाण्यात दिसणार नाही, तिच्याच पाण्यात दिसेल. इतकी साधी गोष्ट!

दर तीन महिन्यांनी पाणी तपासणारे काका यायचे. आधी साचलेलं शिळं पाणी उपसायचे, मग ताज्या पाण्याने काचेची बाटली काठोकाठ भरायचे. आत एक बुडबुडाही राहू द्यायचे नाहीत. "काय नितळ पाणी आहे गं बाई तुझं!" म्हणायचे. मी फुलून जायचे.

मग मॅनेजरने धाकटीच्या झाकणावर जुन्या टायरांची चळत रचली. काका म्हणाले, "साहेब, टायर तेवढे हलवून द्या, माझी कंबर धरलीय."

"अहो काका, पाणी इथून तिथून एकच. भरा की दोन्ही बाटल्या इथेच!"

आणि काकांनी भरल्या! एकीवर माझी चिठ्ठी, दुसरीवर धाकटीची. माझ्या स्वच्छ पाण्याला खोटी साक्ष द्यायला लावली, तीही एकदा नाही, चार वेळा. अहवाल आला की मॅनेजर तो चौकटीत घालून भिंतीवर टांगायचा. त्या कौतुकाची मला किळस यायची.

भिंतीपलीकडच्या घरात एक आई राहते. तिचं बाळ नुकतंच पेल्याने पाणी प्यायला शिकलं होतं. एके सकाळी ती बोअरच्या पाण्याचा तांब्या घेऊनच मॅनेजरकडे आली. "दादा, जरा वास घेऊन बघा."

"वहिनी, पंपाला खेटून राहता, मग काय अत्तराचा वास येणार? हा अहवाल वाचा."

तिने वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "खालच्या नळीचंही पाणी काढलं म्हणता? मी रोज गच्चीवर दुपटी वाळत घालते. तिथून दिसतं, त्या नळीवरचे हे टायर वर्षभरात जागचे हललेले नाहीत."

काका नेमके तेव्हा तिथेच होते. त्यांनी मान खाली घातली आणि कंबर धरत धरत एकेक टायर बाजूला केला. झाकण उघडताच भपकाऱ्याने तिघेही मागे सरले. वर काढलेल्या पाण्यावर पेट्रोलचा बोटभर थर होता.

पंप बंद झाला, बोअरही. पण त्या आईने काकांना विचारलं, "हे बाळाच्या पोटात किती महिने जातंय? डॉक्टरांना काय सांगू?" वर्षभरात धाकटीची एकही खरी बाटली भरलेली नव्हती.

मित्रांनो, "पाणी स्वच्छ आहे" असा कागद कुणी दाखवला तर गप्प बसू नका. पाणी कुठून काढलं ते विचारा, झाकण उघडून दाखवायला लावा. आज ते बाळ रक्त तपासायला दवाखान्यात गेलं आहे. अजून परतलेलं नाही. मी त्यांच्या फाटकाकडे कान लावून बसले आहे.