एका हाताची पँट

लकव्याने बाबांचा उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय हळूहळू भिंतीला धरून चालण्याइतका परतला. हात परतला नाही. लेंग्याची नाडी एका हाताने बांधता येत नाही, म्हणून कुंदनदादाने त्यांना दिवसभर डायपर लावायला सुरुवात केली. शौचालय घरामागे, दहा पावलांवर. तिथवर चालत जाऊ शकणारा माणूस डायपर ओला होऊ नये म्हणून पाणी प्यायचा बंद झाला.

मी तारापूरला कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते, जवळच्या दांडी गावात याच घरात राहते. दादाशी भांडले नाही. शिलाई मशीन उघडलं.

पहिली इलॅस्टिकची पँट बाबांना वर ओढता आली नाही. मग मी माझा उजवा हात ओढणीने पाठीशी बांधला आणि ती स्वतः घालून पाहिली. डावी बाजू वर यायची, उजवी कमरेखालीच अडकायची. सुती कापड मांडीवर सरकत नव्हतं. दुसरी टी-शर्टच्या कापडाची शिवली. नेफ्यातलं इलॅस्टिक सैल केलं, तर ती चालताना घसरू लागली. तिसरीला इलॅस्टिक पुन्हा घट्ट घेतलं आणि उजवीकडे, डावा हात पोचेल असं, जाड पट्टीचं कडं शिवलं. आधी डावीकडून ओढायचं, मग कड्यात बोट घालून उजवीकडून.

"तू हितंच थांब," बाबा म्हणाले. एकटे गेले, एकटे आले. आल्यावर तांब्याभर पाणी प्यायले. तशाच आणखी दोन शिवल्या.

पुतणी किंजलचा साखरपुडा रविवारी घरीच होता. माझी सकाळची शिफ्ट होती. दुपारी आले तर ओटीवर पाहुणे जेवत होते आणि बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत, नव्या कडक पँटमध्ये, पट्टा आवळून बसवलेले. त्यांचा डावा हात बक्कलाशी झगडत होता.

मी हेमांगीवहिनीला आत बोलावून विचारलं. ती म्हणाली, तुमच्या त्या पँटी म्हणजे शाळेतल्या पोराच्या चड्ड्या, व्याह्यांसमोर कशा घालायच्या? आतून डायपर आहे, मग अडचण काय? दादाही मागून आला. दोन तासांचा प्रश्न आहे, असं तो म्हणाला.

मी ओटीवर जाऊन बाबांजवळ वाकले.

"कवापासून बसलोय," ते म्हणाले. "सोड हे."

मी सगळ्यांसमोर पट्टा सोडला. जेवणारे हात थांबले. बाबांना उठवून आतल्या खोलीत नेलं, मी शिवलेली निळी पँट हातात दिली आणि दार ओढून बाहेर उभी राहिले. वेळ लागला. दादा दात आवळून म्हणाला, "आज तरी जरा कळायला हवं होतं तुला."

"तूच एक हात बांध आणि हा पट्टा सोडून दाखव," मी म्हणाले. "पाहुणे थांबतील."

दार उघडलं. बाबा भिंतीला धरून आमच्या दोघांमधून मागच्या दाराकडे गेले. त्यांनी कोणाकडेही पाहिलं नाही.

नवी पँट जमिनीवर पडली होती. मी ती उचलून मशीनवर बसले. पट्टा ओवायच्या लुप्या उसवल्या, बटण कापलं, चेन काढून ती जागा शिवून टाकली. कमरेची पट्टी फाडून तिथे नेफा दुमडला. मशीनचा आवाज ओटीपर्यंत जात होता. दादा दारात येऊन म्हणाला, पाहुणे जाईपर्यंत तरी बंद ठेव.

मी इलॅस्टिकला सेफ्टी पिन लावली आणि ती नेफ्यात सरकवायला घेतली.