मिठाने खाल्लेली शिडी

मी एक जुनी शिडी आहे. भिंतीला टेकवून ठेवतात तसली नव्हे. माझे दोन वाकडे पाय फरशीत रोवलेले होते आणि पायऱ्या पाण्यात उतरलेल्या होत्या. एका घरामागच्या पोहण्याच्या तलावात मी अकरा वर्षं उभी होते. आज मी पंपाच्या खोलीमागे आडवी पडले आहे, आणि माझा एक पाय तुटलेला आहे. तो कसा तुटला ते ऐका, मित्रांनो.

एका लहानशा कारखान्यात स्टीलच्या नळ्या वाकवून मला घडवलं. घासून असं लख्ख केलं, की कारागिराला माझ्यात स्वतःचे दात मोजता येत होते. स्टील साधंच होतं, पण साध्या पाण्याला पुरून उरणारं.

घरात माणसं चार. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं, आई शाळेत गणित शिकवायची. त्यांची नऊ वर्षांची मुलगी म्हणजे पिटुकली. आणि बाबांचे वडील, ज्यांना सगळे तात्या म्हणत. तात्या तीस वर्षं मालवाहू जहाजांवर फिटर होते. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. खूप झगडल्यावर एखादा शब्द बाहेर पडायचा. डॉक्टर म्हणाले, त्यांना पाण्यात चालवा. म्हणून रोज सकाळी बाबांचा आधार घेऊन तात्या माझा दांडा डाव्या हाताने धरत आणि एकेक पायरी उतरत. त्यांचा सगळा भार मी तोलायचे. आयुष्यात मला याहून मोठा मान मिळाला नाही.

पण तलावात टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या पिटुकलीला सोसेनात. डोळे लाल व्हायचे, अंगाला खाज सुटायची. शेवटी बाबांनी तलावाच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने पंपाच्या खोलीत एक पांढरी पेटी बसवली, पाइपात धातूच्या पट्ट्यांची नळी जोडली आणि सहा पोती मीठ पाण्यात ओतलं.

"आता गोळ्या बंद," तो म्हणाला. "हे यंत्र विजेवर मिठातूनच क्लोरीन तयार करतं. पाणी कसं मऊ लागेल बघा."

जाता जाता तो माझ्यापाशी थांबला. "या शिडीचं तेवढं बघा हं. हे स्टील मिठाला टिकायचं नाही. बदललीत तर उत्तम. नाहीतर दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा, आणि फरशीत तिचे पाय रोवलेत त्या खोबण्या उघडून बघत जा."

"धुवू की! त्यात काय एवढं?" बाबा म्हणाले.

पहिला महिना त्यांनी मला धुतलं. मग पंधरवड्याने. मग पाइप गुंडाळून ठेवला तो ठेवलाच.

पाणी खरंच छान झालं. पिटुकली तासन्‌तास डुंबायची. येणारा-जाणारा यंत्राचं कौतुक करायचा. मीही वरून चमकत होते. पण उडालेलं पाणी माझ्या पायाशी खोबणीत साचायचं, सुकायचं आणि मीठ मागे ठेवून जायचं. रोज थोडं थोडं. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, मित्रांनो. मला तर मिठानेच खायला घेतलं होतं, आणि मला ओरडता येत नव्हतं.

ते एकट्या तात्यांनी ओळखलं. एका सकाळी माझ्या पायाशी तपकिरी ओघळ दिसला. त्यांनी तो बोटावर घेतला, जिभेला लावला आणि माझ्याकडे बघत राहिले. दुपारी तलावाकाठच्या टेबलावर सगळे जेवायला बसले तेव्हा ते म्हणाले, "मी... मीठ."

"तात्या, डॉक्टरांनी कमी सांगितलंय ना?" आई समजुतीने म्हणाली. "सूपमध्ये आहे तेवढं पुरे."

"मीठ!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"जिभेचे चोचले काही कमी होत नाहीत," बाबा हसले.

दुसऱ्या दिवशी तात्या माझ्यापाशी आले आणि काठीने माझे पाय ठोकू लागले. आधी डावा, मग उजवा. पिटुकली बघत होती. "बाबा, हा पाय टणटण वाजतो. तो नाही वाजत!"

"नंतर गं, पिटुकले." बाबांना दुकान उघडायचं होतं.

त्यानंतर तात्यांनी पाण्यात उतरणंच सोडलं. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी आईबाबांनी त्यांना काखेत धरून काठावरूनच उथळ पाण्यात सोडलं. ते मान हलवत राहिले. तेवढ्यात फोन वाजला म्हणून आई आत गेली.

"तात्या, हट्ट पुरे," बाबा म्हणाले. "चालणं सुटलं तर पाय कायमचा जाईल. शिडीची भीती वाटते? हे बघा, मी उभा राहतो."

बाबा माझ्यावर उभे राहिले. माझी ताकद दाखवायला त्यांनी जोरात हिसका दिला.

माझा उजवा पाय मुळातून तुटला. मी गर्रकन फिरले. बाबांचं डोकं काठावर आपटलं, माझ्या तुटक्या धारेने त्यांची मांडी फाडली आणि ते पालथे पाण्यात पडले. हलले नाहीत. पाणी लाल होऊ लागलं.

तात्या तीन पावलांवर होते. ती तीन पावलं त्यांनी एकट्याने टाकली. डाव्या हाताने त्यांनी मुलाची कॉलर धरली, त्याचं तोंड वर काढून आपल्या खांद्यावर घेतलं आणि घराकडे बघून ओरडले. ओठांवर एकच शब्द येत होता.

"मीठ! मीठ!"

"पाठवते हं, तात्या!" आतून आईचा आवाज आला.

थोड्या वेळाने पिटुकली बशीत चिमूटभर मीठ घेऊन बाहेर आली. बशी फरशीवर फुटली तेव्हा कुठे आई धावली.

बाबा वाचले. डोक्याला अकरा टाके पडले, मांडीला त्याहून जास्त. मेकॅनिकने खोबणीतून माझ्या पायाचा तुकडा उपसला, तर त्याच्या हातात नुसता भुगा आला. बाबा तात्यांच्या खुर्चीपाशी बसून म्हणाले, "तुम्ही सांगत होता. मी ऐकलं नाही." तात्यांनी त्यांच्या केसांवरून हात फिरवला. पण त्या दिवसापासून ते एकही शब्द बोललेले नाहीत.

माझ्या जागी आता नवी शिडी आहे, माझ्याहून चांगल्या स्टीलची. चांगलं स्टील उशिरा गंजतं, एवढंच. इथे पडल्या पडल्या मला तिचे पाय दिसतात. गेले तीन आठवडे त्यांच्यावर कुणी पाणी मारलेलं नाही. पिटुकली आत्ताच टॉवेल घेऊन बाहेर आली आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्या बाजूने जात असेल, तर तेवढा नळ सोडा.