चिमणीने गाडी वाळूत घातली

अकरा वर्षांनी ती पुन्हा ट्रकच्या केबिनमध्ये चढली.

जुन्या ड्रायव्हर मंडळींनी तिचं नाव चिमणी पाडलं होतं. अंगाने एवढीशी, सीटवर उशी ठेवल्याशिवाय समोरचा रस्ता दिसायचा नाही. पण भलीमोठी गाडी अरुंद फाटकातून अशी मागे घ्यायची की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घालावीत. मग एकदा एकोणीस दिवसांची फेरी संपवून ती घरी आली आणि तीन वर्षांची लेक बापाच्या पायांमागे लपली. "ही कोण?" असं तिने बापालाच विचारलं. दुसऱ्या दिवशी चिमणीने गाडीच्या किल्ल्या मालकाच्या टेबलावर ठेवल्या आणि मागे वळून पाहिलं नाही. कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावली, शिलाया उसवल्या, पण स्टेअरिंगला हात लावला नाही.

यंदा नवरा परांचीवरून पडला. गवंडीकामात मुरलेला माणूस, आता भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जायचा. डॉक्टरांनी वर्षभर वजन उचलू नका म्हणून बजावलं होतं. बटणं लावून चौघांचं भागणं शक्यच नव्हतं.

निघताना चौदा वर्षांची लेक दारात आडवी उभी राहिली.

"परत तेच का गं आई?"

"रोज संध्याकाळी घरी येणार आहे. तसं ठरवूनच घेतलंय."

"तेव्हाही असंच ठरलं होतं म्हणे."

आतून सासूबाईच ओरडल्या, "अगं, सोड तिला! पहिल्याच दिवशी उशीर करायला लावतेस का?"

गाडी होती खाद्यतेलाचा टँकर. शेजारी बसले होते, सगळे ज्यांना मामा म्हणत ते, या कंपनीतले सगळ्यात जुने ड्रायव्हर. आठ दिवस तिच्या बाजूला बसायचं आणि बाई ठेवण्यासारखी आहे की नाही ते मालकाला सांगायचं, एवढंच त्यांचं काम. माणूस मितभाषी. ती वळली की "हं", थांबली की "हं". कोणता हं चांगला आणि कोणता वाईट, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिल्या गोदामात निम्मं तेल उतरवलं. उरलेलं डोंगरापलीकडच्या कारखान्यात पोचवायचं होतं. भरलेल्या टँकरपेक्षा अर्धा रिकामा टँकर वाईट, हे चिमणीला पाठ होतं. आतलं तेल मोकळं असतं. ब्रेक मारला की ते सगळं पुढे धावतं आणि मागून कुणीतरी ढकलल्यासारखा धक्का बसतो. तिच्या डोक्याला हे आठवत होतं, पाय मात्र विसरले होते.

चढ छान पार झाला. माथ्यावर आल्यावर तिला इतकं हायसं वाटलं की खालचा गिअर टाकायचा तो टाकलाच नाही. उतार लागला. ती ब्रेकच्या पेडलवर हलकासा पाय ठेवून उतरू लागली. दोन वळणं झाली, तीन झाली. चौथ्या वळणावर जळका वास आला.

"पाय काढ ब्रेकवरून," मामा पहिल्यांदाच पुरतं वाक्य बोलले. "गिअर उतरव."

तिने क्लच दाबला, गिअरचा दांडा ओढला. या नव्या गाडीतले गिअर तिच्या जुन्या गाडीसारखे नव्हते. दांडा मधेच अडला, खरखरला आणि गिअर लागेना. आता गाडी कुठल्याच गिअरमध्ये नव्हती. इंजिनाचा ताण सुटला आणि टँकर मोकाट सुटला.

वेगाचा काटा पन्नासवर. पुन्हा दांडा. खर्रर्र. साठ.

"जोर लाव, पोरी!"

"लागत नाहीये!"

तिने ब्रेक दाबला. आतलं तेल धाडकन पुढे आदळलं आणि गाडी थांबायची ती उलट पुढेच सरली. आरशात मागच्या चाकांमधून धूर दिसत होता. मामांनी स्वतः दांड्यावर हात टाकला. त्यांची नजर खाली होती. नेमकं तेव्हाच रस्त्याकडेला नारिंगी पाटी सर्रकन मागे गेली. "पुढे काम चालू." चिमणीने ती वाचली.

समोर डाव्या हाताला एक वाट फुटत होती. ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी केलेली, चढाची, जाड वाळूने भरलेली पट्टी. उजवीकडे रस्ता वळून डोंगराआड जात होता.

"सरळ घे!" मामा ओरडले. "वळणापलीकडे सपाटी आहे, आपोआप वेग मोडेल. वाळूत घातलीस तर गाडीची वाट लागेल आणि तुझ्या नोकरीचीही!"

नोकरी म्हणताच नवऱ्याची भिंतीवर टेकलेली बोटं तिच्या डोळ्यांपुढे आली. पण वळणापलीकडे काम चालू होतं. काम म्हणजे माणसं, आणि खोळंबलेल्या गाड्या.

"मामा, धरून बसा!"

तिने स्टेअरिंग डावीकडे घेतलं.

वाळूत शिरताच पुढची चाकं खचली. सीटचा पट्टा छातीत रुतला, काचेवर वाळूचा मारा झाला, मागून तेलाने दोनदा धडक दिली. टँकर एका अंगाला कलला, नको तितका कलला, आणि तसाच रुतून थांबला.

चिमणीने इंजिन बंद केलं. किल्ली फिरवायला तिला दोन्ही हात लावावे लागले.

मामा उतरले आणि चालत वळणापर्यंत गेले. तिथे जरा वेळ नुसते उभे राहिले. परत आले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सात गाड्या उभ्या आहेत," ते म्हणाले. "पुढे डांबर घालणारी माणसं." मग मान न वळवता विचारलं, "तुला कसं कळलं?"

"पाटी होती. तुम्ही दांड्याकडे बघत होता."

बातमी पोचताच मालकाचा फोन आला. पलीकडून आरडाओरडा इतका की फोन कानापासून लांब धरावा लागला. चिमणीने काही लपवलं नाही. "माथ्यावरच गिअर उतरवायला हवा होता. मी उतरवला नाही. चूक माझी."

मामांनी फोन तिच्या हातून घेतला.

"तिची चूक तिने सांगितली, आता माझी ऐका. मी सरळ घे म्हणालो होतो. माझं ऐकलं असतं तर आज तुम्ही माणसं मोजत बसला असता."

क्रेन येऊन गाडी निघेपर्यंत दुपार सरली. मालकाने फर्मान काढलं: तीन महिने डोंगराचा रस्ता नाही, फक्त सपाटीवरच्या फेऱ्या आणि मामा शेजारी. पगारही त्या मानाने बेताचा. पण काढून टाकलं नाही.

घरी तिने जेवताना सगळं सांगितलं. वाळूचं, धुराचं, सात गाड्यांचं. नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"उद्यापासून जाऊ नकोस," तो म्हणाला. "मी काहीतरी बघतो. बसून करायचं काम मिळेल."

"मिळालं तर घ्या की. पण मी जाणार आहे."

"भीती नाही वाटली?" लेकीने विचारलं.

"वाटली ना. अजूनही हात बघ."

लेकीने खरंच तिचा हात हातात घेऊन पाहिला. तो थरथरत होता. तिने तो सोडला नाही.

"उद्या कितीला निघायचंय?" तिने विचारलं.

"साडेसहाला."

"मग भांडी मी घासते. तू झोप."