ट्रायल रूमचा पडदा आणि बोटाएवढं भोक

मित्रांनो, कपड्याच्या दुकानात शिरलात की तुम्ही आरसा बघता, बाहुल्यांच्या अंगावरचे कपडे बघता, किमतीची चिठ्ठी उलटून बघता. माझ्याकडे कुणी बघत नाही. बघूच नये. मी ट्रायल रूमचा पडदा आहे, मेंदी रंगाचा, आता चांगलाच जुना झालेला, आणि कुणाला आत बघू न देणं हेच माझं काम. आयुष्यभर ते मी इमानाने केलं, एक दिवस सोडून. त्या दिवसाचंच सांगायचं आहे. पण आधी माझी ओळख करून घ्या, नाहीतर म्हणाल, आला फाटका पडदा आणि लागला रडायला.

माझा जन्म सुरतचा. गोडादऱ्याजवळच्या एका लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, मी विणला गेलो. रंगवताना कडेला डाग पडला, म्हणून साडीत गेलो नाही, ड्रेसमध्येही गेलो नाही. सेकंडचा माल म्हणून कोपऱ्यात पडून राहिलो. तेव्हा पर्वत पाटियाच्या पुढच्या एका गल्लीत धर्मेंद्रभाईंनी नवं दुकान टाकलं होतं. त्यांनी मला स्वस्तात उचललं, डाग भिंतीकडे करून टांगलं. माझ्या भावंडांच्या साड्या झाल्या, त्या लग्नात मिरवल्या आणि मी इथे दोरीला! वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

गल्लीत तेव्हा होतं काय? दोन गादीवाले, एक सायकलवाला आणि साडीला फॉल लावून देणारं एक दुकान. धर्मेंद्रभाईंनी बाहेर जीन्स टांगल्या तेव्हा गादीवाले पोट धरून हसले होते. मग जवळच कॉलेज निघालं. कुणी टी-शर्ट टांगले, कुणी गॉगल मांडले, आणि बघता बघता गादीवाल्याच्या मुलानेच बुटांचं दुकान थाटलं. फॅशन गल्ली हे नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण रिक्षावाले त्याच नावाने भाडं घेऊ लागले. अखाजीच्या आधी तर विचारूच नका. खानदेशातून सुरतेला आलेली लूमवरची माणसं अक्षय्य तृतीयेला, म्हणजे त्यांच्या अखाजीला, गावी जातात. गावात उतरताना अंगावर सुरतचं काहीतरी दिसायलाच हवं ना! माझ्याआड ढगळ जीन्स आल्या, मग पायाला चिकटलेल्या आल्या, मग कमरेवरून घसरणाऱ्या, आणि आता पुन्हा ढगळ. लाजत आत गेलेली पोर बाहेर येऊन आरशासमोर ताठ उभी राहिली की मला फार बरं वाटायचं.

दुकानाच्या दाराशी अनुसयाबाईंचं शिलाई मशीन असतं. जीन्सची लांबी कमी करणं, कंबर आत घेणं ही त्यांची कामं. मागच्या वर्षी एका हँगरचा आकडा माझ्यात अडकला आणि कुणीतरी हिसका दिला. बोटाएवढं भोक पडलं. अनुसयाबाई त्याच दिवशी म्हणाल्या की शेठ, पडदा काढून द्या, दोन टाके घालते. धर्मेंद्रभाई म्हणाले, अनुबेन, आत्ता गर्दी आहे, पुढच्या आठवड्यात बघू. पुढचा आठवडा काही उजाडला नाही. एका मुलीनेही त्यांना सांगितलं. त्यांनी आधी तिलाच खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग मला एक सेफ्टी पिन लावली. ती चार दिवसांत पडली. गंमत म्हणजे त्याच दुकानात गुडघ्यावर फाडलेल्या जीन्स जास्त भावाने जात होत्या.

यंदा अखाजीच्या आठवड्यात, भर दुपारी, धनश्री आली. सुरतच्याच डिंडोली भागातली मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. वडील खानदेशातून आलेले, लूमवर. आयुष्यातली पहिली जीन्स घ्यायला ती एकटी आली होती. गुडघ्यापर्यंतचा कुर्ता अंगात ठेवूनच ती आत जीन्स घालत होती. बाहेर एक तरुण शर्ट चाळत चाळत माझ्याजवळ सरकला. त्याने मोबाइल काढला आणि त्याचा कॅमेरा माझ्या भोकाला लावला.

मी काय करणार? मला हात नाहीत. सारा वेळ पंख्याच्या वाऱ्याने हलत असतो, पण त्या क्षणी वारासुद्धा नव्हता. अनुसयाबाईंनी मशीनवरून ते पाहिलं. धावत येऊन त्यांनी त्याचं मनगट धरलं, आरडाओरडा केला, पण तो हिसडा देऊन गर्दीत पसार झाला. फोटो निघाला की नाही, कुणालाच कळलं नाही. धनश्री बाहेर आली ती जीन्स घालूनच. पैसे ठेवून ती निघून गेली आणि तिची सलवार आत खुंटीवरच राहिली.

ती घरी पोचण्याआधी बातमी डिंडोलीत पोचली होती. दुसऱ्या दिवशी तिचे वडील निंबाभाऊ आणि आई सरलाबाई दुकानात आले. धनश्री बाहेर रस्त्यावरच थांबली. निंबाभाऊंनी जीन्सची पिशवी गल्ल्यावर ठेवली, म्हणाले, परत घ्या. धर्मेंद्रभाई म्हणाले, गर्दीत असं होतं हो, मुलींनी पण जरा जपायला हवं. मला तेव्हा दोरीसकट त्यांच्या डोक्यावर पडावंसं वाटलं.

निंबाभाऊ भांडले नाहीत, आणि तेच वाईट होतं. हळू आवाजात म्हणाले, अंगभर कपडे होते हे मला माहीत आहे, पण फोटो कोण बघतं? लोक गोष्ट ऐकतात आणि पुढे सांगतात. आता कॉलेज बंद, अखाजीला गावी नेणार आणि तिथेच ठेवणार. बाहेर धनश्रीला सगळं ऐकू येत होतं. ती मान खाली घालून चपलेच्या टोकाने रस्ता उकरत होती.

सरलाबाईंनी अनुसयाबाईंना विचारलं, कुठे आहे ते? मग त्या माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी भोकातून बोट आरपार घातलं. तसंच बोट ठेवून त्या नवऱ्याकडे वळल्या आणि आपल्या अहिराणीत बोलल्या.

"तार तुटना ते तुम्ही काय करतस? लूम बंद करतस, तार जोडतस. आख्खा ताका फेकी देतस का? भोक यास्ना पडदाले शे. मन्ही पोरले नई."

ताका म्हणजे लूमवरून उतरलेलं कापडाचं अख्खं थान. एका तुटलेल्या धाग्यापायी ते कुणी फेकत नाही, हे निंबाभाऊंइतकं कुणाला ठाऊक? मग अनुसयाबाईंसमोर हात पसरून त्यांनी सुई मागितली. धर्मेंद्रभाई म्हणत राहिले, राहू द्या हो भाऊ, मी दरवाजाच बसवणार आहे. निंबाभाऊंनी तिकडे लक्ष दिलं नाही. लूमवरच्या त्या बोटांनी त्यांनी माझ्या कडा एकमेकींना भिडवल्या आणि बारीक टाके घातले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

भोक बुजल्यावर त्यांनी पिशवीतून जीन्स काढली आणि दाराकडे बघून हाक मारली.

"धना, ये मझार. घाली देख. मी आठेच उभा शे."

मझार म्हणजे आत. आणि माझ्याकडे पाठ करून ते खरंच तिथेच राखण करत उभे राहिले. धनश्री पायरी चढून आली. माझ्याकडे बघितलं, त्या टाक्यांकडे बघितलं, आणि तिथेच थबकली.

"मला कॉलेजला जायचंय, आप्पा," ती म्हणाली. "पण याच्या आत मी नाही जाणार."

निंबाभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. "जाय," ते म्हणाले. "सोमवारपासून जाय."

अनुसयाबाईंनी घडी घातलेली सलवार सरलाबाईंच्या हातात दिली आणि तिघंही निघून गेली. धनश्री कॉलेजला जाते, हे मी अनुसयाबाईंच्या तोंडून ऐकलं. आमच्या गल्लीत मात्र ती पुन्हा आली नाही. दरवाजा अजून बसलेला नाही, मी अजून टांगलेलाच आहे.

मित्रांनो, मला धुवा, इस्त्री करा, असं काही मी मागत नाही. एवढंच करा. उद्या एखादी मुलगी म्हणाली की तिथला पडदा फाटलाय, तर तिच्याकडे बघत उभे राहू नका. आधी सुई आणा.