होणाऱ्या जावयाची दाढ

“मोठा आ करा. अजून मोठा. लाजू नका, इथे सगळेच आ करतात,” असं म्हणत डॉक्टरांनी खुर्चीवरचा दिवा खाली ओढला आणि झोत होणाऱ्या जावयाच्या तोंडात सोडला.

शनिवारची संध्याकाळ होती. शेवटचा पेशंट जाऊन दवाखान्याची पाटी उलटी केलेली होती. टेबलापाशी डॉक्टरांची बायको तक्ता घेऊन बसली होती. नवऱ्याने दात बघून सांगायचं आणि तिने लिहायचं, हा दोघांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. खिडकीजवळच्या स्टुलावर मुलगी पाय हलवत बसली होती. तिला घरात सगळे ठकी म्हणत.

या घरात सोयरीक जुळली की आधी दात बघत. नियम असा कुणी केला नव्हता. थोरल्या सुनेला लग्नाआधी सहज म्हणून खुर्चीत बसवलं, ती अक्कलदाढ काढूनच उठली, आणि तेव्हापासून पायंडा पडला. आपली अक्कल काढून घेतल्यावरच आपल्याला या घरात घेतलं, असं ती सून आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

आजची तपासणी मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती, निदान डॉक्टरांच्या लेखी तरी. होणारा जावई मुलांना पोहायला शिकवायचा, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. खांदे रुंद, स्वभाव गरीब, नाव ठेवायला जागा नाही. फक्त तो व्हीगन होता. मांस-मासे तर सोडाच, पण दूध, लोणी, चीज, अंडं, इतकंच काय मधसुद्धा चालत नसे. तेही डॉक्टरांनी चालवून घेतलं असतं. पण गेल्या रविवारी ठकीने समोरची बशी हळूच बाजूला सारली आणि म्हणाली, “बाबा, मीपण सोडून बघतेय.”

बशीत चीज घातलेलं ऑम्लेट होतं. डॉक्टरांना स्वयंपाकातलं तेवढं एकच येत होतं. नोकरीसाठी ठकी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, तरी दर रविवारी सकाळी त्या ऑम्लेटसाठी घरी यायची. निदान डॉक्टरांची तशी समजूत होती. आता ऑम्लेटच बंद झालं तर ती येईल कशाला, ही धास्ती आठवडाभर त्यांचा पिच्छा सोडत नव्हती. उपाय एकच दिसत होता. या माणसाच्या तोंडात काहीतरी चांगलंच बिघडलेलं सापडायला हवं. मग आहाराचं नाव पुढे करता येईल. पोरगी बापाचं ऐकणार नाही, पण दातांच्या डॉक्टरचं ऐकेल.

“जीभ बाहेर काढा.”

दूध-अंडी सोडली की बी-ट्वेल्व जीवनसत्त्व कमी पडतं, आणि ते कमी पडलं की जीभ लालभडक आणि गुळगुळीत होते. मास्तरची जीभ हवी तशी गुलाबी आणि खरखरीत होती. डॉक्टरांचा चेहरा पडला.

“गोळ्या घेता वाटतं?”

“अं.”

“घेतो तो,” ठकी म्हणाली. “आणि कॅल्शियम घातलेलं सोयादूधही पितो.”

“तुला विचारलं का?”

“त्याला बोलता येत नाहीये, बाबा.”

डॉक्टरांची ही जुनी खोड होती. प्रश्न विचारायचे ते समोरच्याच्या तोंडात आरसा आणि सळई घातल्यावर. उलट उत्तर येत नाही आणि आपलं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं जातं. घरी ही सोय नव्हती.

त्यांनी हिरड्यांवरून सळई फिरवली. रक्ताचा टिपूस नाही.

“हिरड्या चांगल्या आहेत,” ते पुटपुटले.

“काय? ऐकू नाही आलं.” बायकोला स्वच्छ ऐकू आलं होतं.

“चांगल्या! चांगल्या आहेत हिरड्या!”

समोरच्या दातांवरचं इनॅमल किंचित झिजलेलं दिसलं, तेव्हा डॉक्टर जरा सरसावून बसले. “सकाळी उठल्यावर लिंबूपाणी? आणि त्यावर लगेच ब्रश?” मास्तरने दोन्हीला मान डोलावली. पण एवढ्याने काही भागणार नव्हतं. लिंबूपाणी काय, अंडी खाणारेही पितात. शिवाय दिवसभर तलावात डुंबणाऱ्याचे दात तिथल्या क्लोरीनच्या पाण्यानेही झिजतात. डॉक्टर प्रामाणिक होते, हीच त्यांची पंचाईत होती.

मग वरच्या डाव्या दाढेत सळईचं टोक अडकलं. त्यांनी ते काढून पुन्हा टेकवलं. पुन्हा अडकलं.

“सापडली!” डॉक्टर इतक्या जोरात ओरडले की मास्तर खुर्चीत उडाला. “कीड! चांगली खोल आहे!”

“अभिनंदन,” बायको म्हणाली.

डॉक्टरांनी आरसा-सळई बाजूला ठेवली आणि खुर्ची सरळ केली. आठवडाभर मनात घोळवलेलं भाषण ओठांवर आलं होतं. “आता सांगा मास्तर, दिवसभर तुम्ही खाता तरी काय?”

“खजूर,” मास्तर जबडा चोळत म्हणाला. “मुलांच्या बॅचवर बॅच असतात, जेवायला सवडच होत नाही. मग एक खजूर गालात धरून ठेवतो. तो संपला की दुसरा. शिट्टी उजवीकडून वाजवायची आणि खजूर डावीकडे.”

आणि कसं ते दाखवायला त्याने डावा गाल टम्म फुगवला, ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून नसलेली शिट्टी फुंकली आणि हातवारे करून नसलेल्या मुलांना पाण्याबाहेर काढलं.

ठकी हसली. मान मागे टाकून, स्टूल डगमगेपर्यंत हसली.

डॉक्टरांचं भाषण ओठांवरच राहिलं.

लहानपणी झोपाळ्यावरून पडून ठकीचा समोरचा दात अर्धा तुटला होता. पुढे ती मोठी झाल्यावर डॉक्टरांनी जीव ओतून त्यावर कॅप बसवली. पण तोवर हसताना तोंडावर हात न्यायची सवय लागली होती, ती काही सुटली नाही. ‘हात काढ गं, छान आहे दात,’ असं सांगून सांगून ते थकले. घरातल्या एकूण एक फोटोत ठकी हसते आहे आणि तिच्या तोंडावर हात आहे.

आत्ता तिचे दोन्ही हात स्टुलाच्या कडेवर होते. उजेडात कॅप लख्ख दिसत होती. शेजारचे दात इतक्या वर्षांत थोडे पिवळसर झाले होते, ती होती तशीच पांढरी राहिली होती. बदलायला हवी, असं मनात येईपर्यंत डॉक्टरांच्या हाताने खणातून रंग जुळवायची पट्टी बाहेर काढलीसुद्धा.

ठकी अजून हसतच होती. मास्तर गाल फुगवूनच तिच्याकडे बघत होता. डॉक्टरांना इतकं बरं वाटलं की थोडा रागही आला. इतकी वर्षं आपल्याला जे जमलं नाही, ते या माणसाने गालात खजूर धरून केलं होतं.

त्यांनी पट्टी परत ठेवली आणि खण लावून घेतला.

“कारण काय लिहू?” बायकोने विचारलं. नवऱ्याच्या मनात आठवडाभर काय चाललंय हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. “आहार?”

डॉक्टरांनी सावकाश हातमोजे काढले.

“खजूर,” ते म्हणाले. “गालात धरलेला. आहाराचा काही दोष नाही.” मग मास्तरकडे वळून म्हणाले, “उद्या सकाळी ये. दाढ भरून टाकू. ठके, तूही ये. आणि उपाशी या दोघं.”

“बाबा, ऑम्लेट मी आता...”

“ऑम्लेट मी माझं खाईन. तुमच्यासाठी काय करायचं ते हा शिकवेल मला. दाढ भरायच्या आधी. नंतर त्याला धड बोलता यायचं नाही.” ते क्षणभर थांबले. “म्हणजे, ऑम्लेट नाही म्हणून तुझं येणंच थांबायला नको.”

ठकीने बापाकडे नीट पाहिलं.

“ऑम्लेटसाठी कोण येतं, बाबा? दर रविवारी करपलेलं असतं ते.”

डॉक्टर दिवा वर सरकवायला वळले आणि बराच वेळ तसेच पाठमोरे राहिले. दिवा कधीच वर गेला होता.

“हे पण लिहू का?” बायकोने विचारलं.