उघड्यावरचा केरबा

मित्रांनो, मी वाळूजच्या एका कारखान्यातला जुना संगणक. आज भंगाराच्या खोलीत धूळ खात पडलोय, उंदीर माझ्या तारा कुरतडतात. पण एके काळी माझा काय रुबाब होता म्हणून सांगू! माझ्या खोलीत येताना साहेबसुद्धा चपला बाहेर काढत. दसऱ्याला मला झेंडूचा हार असे.

यंत्रांचे नकाशे काढणारे गयासभाई जेवणाच्या सुट्टीत माझ्यावर एक खेळ लावत. आपले चार शिपाई. आधी आपण चाली करायच्या, मग कळ दाबून डाव शत्रूच्या हाती द्यायचा. एकदा कळ दाबली की चाल मागे घेणं नाही.

पडेगावच्या मेंढपाळाघरचा सूर्यभान नवा कामाला लागला, तेव्हा गयासभाईंनी त्यालाही बसवलं. पठ्ठ्यानं शिपायांना घरचीच नावं दिली. पहिला केरबा, त्याचा थोरला भाऊ. मग मुंजाबा, सखाराम. चौथा बिननावाचाच राहिला. केरबाला पुढे घालून बाकीचे त्यानं एका रांगेत मागे लावले. केरबा पहिल्याच फेरीत पडला.

"अरे यार, मेंढरं हाकतोय का तू?" गयासभाई हसले.

"म्होरक्या पुढंच असतो की, भाई. आमचा केरबा तसाच चालतो."

"इथं नाय चालत. दोघांना हलव, दोघांना आडोशाला बसवून पहाऱ्याला ठेव. एकट्याला कधी उघड्यावर सोडायचं नाय. अन् कळ दाबायच्या आधी चौघं मोज."

विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या हिवाळ्यात शहराचा भरवसा नव्हता. एका दुपारी दगडफेकीची बातमी आली, गाड्या बंद झाल्या. त्याच दिवशी केरबा हर्सूलकडून मेंढरं घेऊन पडेगावला परतणार होता. सूर्यभानच्या जिवाला घोर लागला. मन गुंतवायला त्यानं खेळ लावला, केरबाला नीट भिंतीआड ठेवलं, चौघं मोजले आणि कळ दाबली.

पडद्यावर केरबा भिंतीआड नव्हता. रस्त्याच्या मधोमध उभा होता.

मित्रांनो, देवाशप्पथ, मी त्याला हलवला नाही. माझ्याकडे नोंद भिंतीआडच्या चालीचीच होती. तीनदा तसंच झालं. सूर्यभाननं गयासभाईंना ओढत माझ्यापुढे आणलं.

"भाई, बघा की! म्या आडोशाला ठेवला व्हता."

गयासभाईंनी माझं बटण बंद केलं. पडदा काळा झाला, पण केरबाच्या नावाची हिरवी अक्षरं तशीच राहिली. मला माझीच भीती वाटली.

सूर्यभान चपला न घालताच धावत सुटला. "रुक, अकेला मत जा!" असं ओरडत गयासभाईंनी मागोमाग स्कूटर काढली.

चार दिवसांनी दोघं आले, तेव्हा केरबा सोबत होता. कपाळाला पट्टी, पण जिता-जागता. मला इतका आनंद झाला की काय सांगू! तो मात्र खोलीभर कुणाला तरी शोधत होता.

"तुमी दोघं मागून आलात," तो म्हणाला. "दगड लागून मी रस्त्यात पडलो, तवा मला ओढत भिंतीमागं नेणारा कोण व्हता? लई गार हात व्हता त्याचा. नाव इचारलं, तर बोलला नाय."

गयासभाईंनी मला चालू करून खेळ लावला. पडद्यावर तीनच शिपाई होते, तिघंही नावाचे.

आता मला भंगारवाला नेणार म्हणतात. नेऊ दे बापडा. पण मित्रांनो, त्याआधी मला एकदा वीज द्या आणि त्या चौथ्याला एखादं नाव द्या. तो अजून बाहेर आहे आणि मला त्याला हाक मारता येत नाही.